घोडे गेल्यानंतरच्या पागा

जुन्या वास्तूंना नवे काम देण्याची चर्चा निघाली की गिरण्या, गोदामे, चर्च आणि रेल्वेस्थानके यांची नावे आधी येतात. पागा त्या यादीत उशिरा आल्या. वास्तविक युरोपातल्या बहुतेक मोठ्या राजवाड्यांजवळ त्यांच्याच तोलामोलाची पागा उभी आहे, आणि ती ओस पडल्यावर तिचे करायचे काय हा प्रश्न तिथल्या प्रत्येक पिढीला सोडवावा लागला आहे. आज व्हिएन्नाच्या शाही पागेत संग्रहालये आहेत, व्हर्सायच्या पागेत वास्तुकलेचे महाविद्यालय, सिडनीत संगीतविद्यालय, ब्रायटनला मैफलींचे सभागृह, लंडनच्या पॅडिंग्टनला रुग्णालयाचा एक भाग आणि दिल्लीत राष्ट्रपती भवनाचे संग्रहालय. दीडशे वर्षांहून अधिक काळाचा हा अनुभव आता तपासून पाहण्याजोगा झाला आहे.

वादाचा मुद्दा असा: घोडे गेल्यावर पागेतले नेमके काय राखले म्हणजे पागा राखली? दर्शनी भिंत, आतली मांडणी, ठाणे आणि गव्हाणी, की घोड्यांशी असलेले नातेच? वेगवेगळ्या शहरांनी वेगवेगळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तरामागे विचार आहे. या चर्चेत दर्शनी भिंतीला पुष्कळ आणि पायाखालच्या फरशीला फारच थोडे महत्त्व मिळाले, असे माझे मत आहे. त्याकडे ओघाने येईन. आधी पागा बांधतात कशी ते पाहू.

पागेची बांधणी

एका घोड्याला बांधून ठेवायला साधारण सहा फूट रुंदीचे ठाण लागते. भिंतीकडे गव्हाण, दोन ठाणांमध्ये आडभिंत किंवा फळ्या, मागे मोतद्दारांना ये-जा करण्यापुरती वाट आणि पलीकडे अशीच दुसरी रांग. मोकळे ठेवायचे, आजारी किंवा व्यायला आलेले जनावर असेल तर त्याला बारा-बारा फुटांची स्वतंत्र खोली. हे माप एकदा ठरले की सारी इमारत त्याच मापाने पुढे सरकते. खांबांमधले अंतर, कमानी, खिडक्या सगळे त्याच हिशेबाने येते. पागा लांबच लांब असतात आणि त्यांना एक ठेका असतो तो यामुळे.

खिडक्या उंचावर घेतात. उजेड थेट घोड्याच्या डोळ्यांवर येऊ नये आणि वाऱ्याचा झोत अंगावर बसू नये, हे त्याचे कारण. घोडा श्वासातून आणि घामातून पुष्कळ ओल सोडतो, म्हणून आढ्याशी झरोके हवेत. वर गवताचा माळा असतो आणि तिथल्या झडपेतून गवत थेट खाली गव्हाणीत सोडता येते. पुष्कळ पागांत मोतद्दारही वरच राहत. फरशी खडबडीत दगडांची किंवा टणक विटांची, म्हणजे नाल मारलेला पाय घसरत नाही. तिला हलका उतार आणि उताराच्या शेवटी मूत्र वाहून नेणारी चर. भोवती खोगीरखाना, बग्गीखाना, दाण्याची कोठारे, नालबंदाची भट्टी आणि मोठ्या दरबारात घोडा फिरवायला छताखालचे रिंगण. या रिंगणात मधे खांब चालत नाहीत, त्यामुळे मोठ्या गाळ्याचे छत पेलण्याची कसोटी तिथे लागे. मॉस्कोचे मानेझ हे असेच रिंगण १८१७ साली उभे राहिले तेव्हा सुमारे पंचेचाळीस मीटरचा गाळा केवळ लाकडी कैच्यांवर तोलला होता.

नवे काम शोधताना याच गोष्टी कामाला येतात किंवा आडव्या येतात. उंच खिडक्यांमुळे खाली सलग भिंत मिळते, ती चित्रे टांगायला उत्तम. राहायला मात्र अशी खोली अंधारी. ठाणांचा ठेका चित्रकारांच्या खोल्यांना, दुकानांना, अभ्यासिकांना जुळतो. रिंगणाचे नाट्यगृह होते. चौकावर छत घातले की सभागृह. माळ्यावर कचेरी थाटता येते, पण जिना अरुंद आणि उंची कमी असते.

पागांवर एवढा खर्च का होई, हेही ध्यानात घ्यायला हवे. घोडा हे वाहन होते, युद्धसामग्री होती आणि दरबाराची प्रतिष्ठाही. व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी ज्यूल आर्दुआं-मांसार याने १६७९ ते १६८२ या काळात राजवाड्याच्या अगदी समोर दोन पागा बांधल्या. राजाच्या दालनातून शहराकडे पाहिले की नजर प्रथम पागांवरच जाते. शांतियीची पागा झां ओबेर याने १७१९ ते १७३५ या काळात उभी केली. ती १८६ मीटर लांब आहे आणि तिच्यात २४० घोड्यांची सोय होती. ब्रायटन आणि सिडनी इथे तर पागा आधी झाली आणि तिला साजेसा राजवाडा मागाहून. वारसा म्हणून पागेला दुय्यम इमारत समजण्याची सवय या दोन उदाहरणांनी मोडायला हरकत नाही.

ओस पडणे आणि पहिली रूपांतरे

रेल्वे आल्यावर घोडे कमी झाले असा समज आहे. शहरांत घडले उलट. स्थानकात उतरलेला माल दारोदार पोचवायला घोडेच लागत, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रेल्वे कंपन्यांनी बहुमजली पागा बांधल्या आणि घोडे वर चढवायला उतरणीच्या वाटा केल्या. पॅडिंग्टनची अशी एक पागा विसाव्या शतकात शेजारच्या सेंट मेरी रुग्णालयाने घेतली. घोड्यांसाठी केलेल्या त्या उतरणी तिथे अजून आहेत. मोटारीने मात्र चित्र पालटले. मुंबईत १८७४ साली सुरू झालेल्या घोड्यांच्या ट्रामगाड्या १९०५ मध्ये थांबल्या. लंडनच्या सर्वांत मोठ्या बस कंपनीची शेवटची घोडाबस १९११ मध्ये धावली. राजघराण्यांच्या पागांचे कारण वेगळे. साम्राज्ये लयाला गेली, मालकी सरकारकडे किंवा नगरपालिकेकडे आली.

सुरुवातीची रूपांतरे कोणत्याही सिद्धान्ताविना झाली. जागा होती, भक्कम होती, रिकामी होती, एवढे पुरे होते. न्यूयॉर्कच्या मॅकडूगल गल्लीत गरट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या शिल्पकार स्त्रीने १९०७ साली एका पागेत आपली कार्यशाळा थाटली. मोठा दरवाजा, उंच छत, आवाजाची आणि धुळीची पर्वा न करणारी जागा. शिल्पकाराला आणखी काय हवे? लंडनच्या श्रीमंत वस्त्यांमागच्या पागा-गल्ल्यांतून आधी मोटारी आल्या आणि मग माणसे राहायला आली. एकेकाळी लीद आणि कडब्याच्या वासामुळे मागे ढकललेल्या या गल्ल्यांतली छोटी घरे आज शहरातल्या महागड्या घरांत मोडतात.

तत्त्वे नंतर आली. वास्तुजतनावरच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की वास्तूचा समाजोपयोगी वापर जतनाला पोषकच असतो, पण त्यापायी तिची मांडणी किंवा अलंकरण बदलता कामा नये. ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावी १९७९ मध्ये ठरलेल्या सनदेने भर दिला तो सुसंगत वापरावर: आधी वास्तूचे महत्त्व कशात आहे ते ठरवा, मग त्याला कमीत कमी धक्का लावणारे काम निवडा. पागांबाबतचे पुढचे सारे मतभेद या दोन वाक्यांच्या अर्थावरून झाले आहेत.

कवच राखा, आत नवे घडवा

कवच राखून आत नवे घडवण्याच्या भूमिकेचे सर्वांत जुने आणि सर्वांत समृद्ध उदाहरण ब्रायटनचे. युवराज जॉर्जसाठी विल्यम पोर्डेन याने १८०३ ते १८०८ या काळात ही पागा बांधली. ऐंशी फूट व्यासाचा काच आणि लाकडाचा घुमट, त्याखाली वर्तुळात चाळीसहून अधिक घोड्यांची ठाणी आणि वरच्या सज्जावर मोतद्दारांच्या खोल्या. घुमटाची कल्पना पॅरिसच्या धान्यबाजारावरून सुचली होती आणि बाह्यरूप हिंदुस्थानी. टॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी हिंदुस्थानात फिरून केलेल्या चित्रांनी तेव्हा इंग्लंडात या शैलीची ओढ लावली होती. युवराजाचा स्वतःचा बंगला त्या वेळी या पागेपुढे खुजा दिसे. वास्तुकार जॉन नॅशने तो १८१५ नंतर पागेला शोभेल असा वाढवला, तोच आजचा रॉयल पॅव्हिलियन.

व्हिक्टोरिया राणीला जागा रुचली नाही. १८५० मध्ये ती शहराने विकत घेतली आणि १८६७ मध्ये घुमटाखाली मैफलींचे सभागृह झाले. शेजारच्या रिंगणात धान्यबाजार भरू लागला. पहिल्या महायुद्धात हे सारे आवार पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय बनले. सातशेहून अधिक खाटा, धर्म आणि जातींचे निर्बंध सांभाळायला नऊ स्वयंपाकघरे, हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे नळ. घुमटाखाली वर्तुळात मांडलेल्या खाटांची छायाचित्रे पाहिली की जाणवते, पागेची मूळ मांडणी त्या काळापुरती नकळत परतली होती. इथे मृत्यू पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर जवळच्या टेकड्यांवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या छत्रीचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुकार ई. सी. हेन्रिक्स यांनी केला आणि १९२१ मध्ये ती उघडली.

रॉबर्ट ॲटकिन्सन याने १९३४-३५ मध्ये सभागृहाचा अंतर्भाग पुरता बदलला. घुमटात आवाज घुमत राहायचा, तो आटोक्यात आणणे भाग होते. नव्या छताने घुमटाचा आतला देखावा झाकला गेला. पोर्डेनची पागा आत शिल्लक नाही, यात शंका नाही. पण ॲटकिन्सनचे काम आता स्वतःच जपण्याजोगा वारसा ठरले आहे. १९७४ ची युरोव्हिजन गीतस्पर्धा याच सभागृहात झाली आणि आब्बा हा स्वीडिश गट तिथे जिंकला. कवचवाद्यांचे म्हणणे असे की सतत वापरात राहिली म्हणून ही वास्तू टिकली, आणि प्रत्येक पिढीचा थर हाही इतिहासच. विरोधकांचे उत्तर: थरांचा आदर करता करता सर्वांत खालचा थर कायमचा दिसेनासा होतो. शेजारच्या रिंगणाच्या अलीकडच्या जीर्णोद्धारात, जो २०२३ मध्ये लोकांसाठी खुला झाला, जुना लाकडी सांगाडा पुन्हा उघडा करण्यावर भर होता. एकाच आवारात दोन भूमिका शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

नवे नवेच दिसू द्या

व्हिएन्नाच्या शाही पागेची आज्ञा १७१३ मध्ये निघाली. आराखडा योहान बर्नहार्ट फिशर फॉन एर्लाखचा, तो १७२५ मध्ये पूर्ण केला त्याच्या मुलाने. सहाशे घोड्यांची सोय आणि तीनशे मीटरहून लांब दर्शनी भाग. साम्राज्य संपल्यावर १९२० च्या दशकापासून तिथे व्यापारी जत्रा भरू लागल्या. १९८६ मध्ये संग्रहालयांच्या वसाहतीसाठी स्पर्धा झाली आणि १९९० मध्ये ओर्टनर बंधूंच्या आराखड्याची निवड झाली. त्यांचा आग्रह होता की बरोक पागेच्या चौकात आजच्या काळाच्या इमारती ठामपणे उभ्या राहाव्यात, आणि त्यांत वाचनालयाचा एक उंच मनोरा असावा.

त्यानंतरचे दशक वादात गेले. शहराची क्षितिजरेषा बिघडेल, फिशर फॉन एर्लाखचा अवमान होईल, असे विरोधकांचे म्हणणे; एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तर मोहीमच उघडली. अखेरीस मनोरा गेला, नव्या इमारतींची उंची कमी झाली, काही भाग जमिनीखाली घेतला आणि जुन्या भागाचे काम जतनतज्ज्ञ वास्तुकार मानफ्रेड वेडोर्न यांच्याकडे आले. २००१ मध्ये वसाहत उघडली. पांढऱ्या चुनखडकाचे लेओपोल्ड संग्रहालय, काळ्या बेसाल्टचे आधुनिक कलेचे संग्रहालय आणि दोहोंच्या मधे एकोणिसाव्या शतकातले हिवाळी रिंगण, ज्यात आता नाटके आणि नृत्ये होतात.

या तडजोडीवर अजून एकमत नाही. काही वास्तुकारांच्या मते मनोरा गेल्याने नवे काम जुन्या भिंतीमागे लपून बसले. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. जतनवाद्यांना हेच यश वाटते. माझ्या दृष्टीने दोन्ही पक्षांनी ज्याचा फारसा विचार केला नव्हता ते सर्वांत यशस्वी ठरले: चौक. लोक तिथे संग्रहालयाचे तिकीट न काढता संध्याकाळभर बसतात, वाचतात, मुले खेळतात. बग्ग्या जोडायला आणि घोडे हिंडवायला जी मोकळी जागा लागे, तीच शहराला सर्वांत उपयोगी पडली. पागेच्या चौकाकडे उरलेली जागा म्हणून न पाहता मुख्य दालन म्हणून पाहावे, हा धडा व्हिएन्नाने दिला.

जमिनीखाली जा

सिडनीच्या पागेची कथा मला या साऱ्या उदाहरणांत सर्वांत बोधप्रद वाटते. फ्रान्सिस ग्रीनवे हा वास्तुकार बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात हद्दपार होऊन १८१४ मध्ये तिथे आला होता. गव्हर्नर लॅखलन मॅक्वारी यांनी त्याच्याकडून १८१७ ते १८२१ या काळात बुरूज, तट आणि मधे चौक असलेली, किल्ल्यासारखी दिसणारी पागा बांधून घेतली. तिच्याजोगा गव्हर्नरवाडा व्हायचा होता, तो प्रत्यक्षात १८४० च्या दशकात झाला. कैद्यांच्या वसाहतीत घोड्यांसाठी एवढा थाट कशाला, असा ठपका चौकशीला आलेल्या आयुक्त बिग यांनी ठेवला. वसाहतीच्या पैशाचा विनियोग कसा व्हावा, हा तेव्हाचा वाद या इमारतीत गोठून राहिला आहे. १९१५ मध्ये चौकावर छत घालून तिथे संगीतविद्यालय उघडले.

विद्यालय वाढत गेले आणि पागेला विसाव्या शतकातल्या इमारती चिकटत गेल्या. १९९० च्या दशकात विस्ताराचा निर्णय झाला तेव्हा वाद पेटला. काहींचे मत, विद्यालयच दुसरीकडे हलवावे. शेजारच्या वनस्पती उद्यानाच्या पाठीराख्यांना बागेची जागा जाण्याची भीती होती. मार्ग निघाला तो असा की नंतरची बांधकामे काढून ग्रीनवेची इमारत पुन्हा मोकळी उभी करायची आणि नवी सभागृहे उतारात, जमिनीखाली घ्यायची. जवळून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची कंपने आत येऊ नयेत म्हणून ती रबराच्या बैठकींवर तोलली.

खोदाई सुरू झाल्यावर जुने नाले, विटांची टाकी आणि वसाहतीच्या आरंभीच्या रस्त्याचे अवशेष हाती लागले. जे वाचवायचे म्हणून खाली जायचे ठरले, त्याचाच एक भाग खाली जाण्याने धोक्यात आला. काही अवशेष नव्या प्रवेशदालनात जागच्या जागी दाखवले आहेत, काही नोंदी करून हलवले. २००१ मध्ये काम पुरे झाले. वरून पाहणाऱ्याला आज ग्रीनवेची पागा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते. तिच्या भोवतालची जमीन मात्र पूर्वीची राहिलेली नाही. जमिनीखालचा विस्तार निरुपद्रवी असतो, हे गृहीतक सिडनीनंतर कोणी सहज धरू नये.

घोडे परत आणा

चौथी भूमिका सर्वांत सरळ: पागेला सर्वांत सुसंगत वापर घोड्यांचाच. शांतियीला १९८२ मध्ये ईव्ह बियनेमे यांनी जिवंत घोड्यांसह अश्वसंग्रहालय सुरू केले. २०१३ मध्ये ते नव्या रूपात उघडले. व्हर्सायच्या मोठ्या पागेत २००३ पासून बार्ताबास यांची अश्वनाट्य अकादमी आहे. तिथले रिंगण पात्रिक बूशां यांनी जुन्या भिंतींना भार न देणाऱ्या लाकडी रचनेत घडवले. धाकट्या पागेत वास्तुकलेचे महाविद्यालय, संग्रहालयांची संशोधन प्रयोगशाळा आणि शिल्पांचा संग्रह. दोन जुळ्या पागा, दोन वेगळे मार्ग. अभ्यासकाला तुलनेची अशी संधी क्वचित मिळते.

या मार्गाच्या बाजूने मोठा मुद्दा असा की फरशी, गव्हाणी, झरोके यांना हातच लावावा लागत नाही, उलट ते का होते हे पाहणाऱ्याला आपोआप कळते. विरुद्ध मुद्दे व्यवहारातले आहेत. घोडे पाळायचा खर्च थांबत नाही, तिकिटावर तो क्वचितच भागतो, आणि आजच्या पशुकल्याणाच्या कल्पनांनुसार जुनी अरुंद ठाणी घोड्याला अपुरी पडतात. दोन ठाणांची भिंत काढून एक खोली करायची, तर मूळ मांडणी मोडलीच. घोड्यांसाठी पागा बदलणे हाही शेवटी पुनर्वापरच.

फरशी आणि लोणा

आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या मूत्र मुरल्याने पागेच्या फरशीत आणि भिंतींच्या खालच्या भागात नायट्रेट क्षार साठतात. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ओलीबरोबर ते भिंतीत वर चढतात. बंदुकीच्या दारूसाठी सोरा गोळा करणारे पूर्वी पागांच्या भिंती आणि माती खरवडत, ते याच कारणाने. हे क्षार हवेतली ओल ओढतात. हवा कोरडी झाली की स्फटिक होतात आणि विटेचा, दगडाचा पापुद्रा उडवतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

घोडे होते तोवर हवा थंड आणि दमट राहायची, म्हणून क्षार बरेचसे विरघळलेल्या अवस्थेत राहत. नवे काम आले की गरम हवा येते, कोरडेपणा येतो आणि दहा-वीस वर्षांत भिंत भुसभुशीत होऊ लागते. त्यावर सिमेंटचा गिलावा हा सर्वांत वाईट उपाय; ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. जाणकार चुन्याचा गिलावा देतात, जो क्षार स्वतःत घेतो आणि ठरावीक काळाने बदलता येतो. कागदाच्या लगद्याचे किंवा मातीचे ओले लेप लावून क्षार ओढूनही घेतात. पूर्ण निर्मूलन जवळपास कधीच होत नाही. संग्रहालयातली कायम एकसारखी आर्द्रता भिंतीला त्यातल्या त्यात मानवते. संध्याकाळी भरणारे, दिवसा थंड पडणारे सभागृह तिला जास्त छळते. म्हणजे कोणता वापर सुसंगत, याचे उत्तर भिंतीच्या रसायनातूनही काढावे लागते. आराखड्यांच्या स्पर्धांत हा मुद्दा फारसा विचारात घेतला जात नाही, याची खंत वाटते.

फरशीचे नुकसान त्याहून लवकर होते. उतार असलेली खडबडीत फरशी चाकाच्या खुर्चीला अडचणीची, खाली गरम पाण्याच्या नळ्या घालायला गैरसोयीची, आणि तिच्याखालची माती क्षारांनी भरलेली. ती उखडून सपाट काँक्रीट घालण्याची कारणे खरी आहेत, विशेषतः अपंगांच्या सोयीचे. पण मोतद्दारांच्या रोजच्या श्रमाची खूण कुठे असेल तर ती फरशीवरच. कोणत्या ठाणी दगड जास्त झिजले, चर कुठून कुठे वळवली, पाण्याचे टाके कुठे होते, हे दर्शनी भिंत सांगत नाही. राजांची नावे भिंतीवर कोरलेली असतात. पहाटे लीद काढणाऱ्याची नोंद दुसरीकडे कुठे मिळायची? फरशीचा निदान एक पट्टा उघडा ठेवणे आणि बाकीच्यावर काढता येण्याजोगी पातळी चढवणे, हा मार्ग शक्य आहे. खर्च वाढतो आणि उंची कमी होते, म्हणून तो क्वचित निवडला जातो.

आगीच्या बाबतीतही असाच पेच. मॉस्कोचे मानेझ २००४ मध्ये जळाले, दोन अग्निशामक जवानांचा बळी गेला. कैच्या जुन्या आकारात पण चिकटवलेल्या फळ्यांच्या लाकडातून पुन्हा केल्या, खाली नवा मजला खोदला, आणि २००५ मध्ये दालन उघडले. हे पुनरुज्जीवन की प्रतिकृती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

कोणासाठी

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येते. चॅट्सवर्थची जेम्स पेनने अठराव्या शतकात बांधलेली पागा आता उपाहारगृह आणि दुकाने चालवते, त्या उत्पन्नातून वाड्याला हातभार लागतो. आयर्लंडमध्ये किल्केनी किल्ल्याच्या पागेत १९६५ पासून सरकारी रचना कार्यशाळा चालल्या आणि देशाच्या कारागिरीला नवी दिशा मिळाली. पागेचे रूपांतर एका देशाच्या उद्योगधोरणाचा भाग ठरल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. लंडनच्या कॅम्डनला रेल्वेच्या पागांत बाजार भरतो. तिथे लोकप्रियता हाच ताण झाला आहे. भाडी चढतात आणि ज्या छोट्या विक्रेत्यांमुळे जागेला रंग आला त्यांनाच ती परवडेनाशी होतात.

आपल्याकडे

दिल्लीत ल्युटेन्सच्या राष्ट्रपती भवनाच्या पागेत २०१४ मध्ये संग्रहालय उघडले आणि २०१६ मध्ये दुसरा टप्पा मोटारखान्याच्या भागात झाला. बग्ग्या आणि राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची परंपरा तिथे प्रदर्शनाचाच विषय असल्याने जागा आणि आशय यांचे नाते जुळते. अंगरक्षक दलाचे घोडे आजही राष्ट्रपतींच्या सेवेत आहेत, ही त्या संग्रहालयाची मोठी जमेची बाजू.

मुंबईत प्रश्न वेगळ्या बाजूने आला. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. घोड्यांच्या हाल-अपेष्टा हा तिथे निर्णायक मुद्दा होता आणि तो रास्तच. त्या गाड्यांचे तबेले मात्र कोणाच्या वारसाविचारात आले नाहीत. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. चर्चा झाली ती मोकळ्या जागेची, भाडेपट्ट्याची आणि तबेल्यांवर होणाऱ्या खर्चाची. तबेल्यांची बांधणी, त्यांतली हवा, त्यांत राबणारी माणसे यांचा वास्तू म्हणून अभ्यास व्हावा, अशी मागणी त्या गदारोळात मागे राहिली.

कायद्याची चौकटही इथे तोकडी पडते. बृहन्मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली देशात अग्रेसर मानली जाते. पण तिच्यातली पहिली श्रेणी सोडली तर आतल्या बदलांना आणि नव्या वापराला बरीच मोकळीक आहे. गिरणगावातल्या चाळीला किंवा फोर्टातल्या कचेरीला ही मोकळीक जगवते, हे खरे. पागेच्या बाबतीत मात्र महत्त्वाचे जे असते ते बहुतेक आतच असते: ठाणे, चर, गव्हाणी, गवताची झडप. आतल्या बदलाची परवानगी देण्यापूर्वी फरशीचे मोजमाप आणि भिंतींच्या क्षारांची तपासणी सक्तीची करावी का, त्याचा खर्च मालकाने सोसायचा की महापालिकेने, आणि सार्वजनिक सोयीसाठी सपाट फरशी हवीच असेल तर जुनीचा किती भाग उघडा ठेवायचा, हे प्रश्न अजून नियमावलीत नाहीत. सिडनीलाही जमिनीखालच्या अवशेषांचे काय करायचे, हे खोदाई सुरू झाल्यावरच ठरवावे लागले होते.